पावणेदोन तासांची मुंबई आणि तीन किलोमीटरची पांदण

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईला प्रवासी विमान सुरू झाले. सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस. त्या दिवसापासून अमरावती आणि मुंबई यांच्यातले अंतर ‘पावणेदोन तास’ असे सांगितले जाऊ लागले. आमच्या तालुका बैठकांतून एक प्रश्न वारंवार येतो : यात आपल्याला काय? आपण कधी विमानात बसणार आहोत?

हा प्रश्न आम्हाला पटत नाही. विमानात बसणे न बसणे हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न आहे. पण दोन गावांतले अंतर कमी होते म्हणजे नेमके काय होते, ते कोण कमी करतो, त्याचा खर्च कोण देतो, हे कळणे कापूस-ज्वारीवाल्याच्या फार कामाचे आहे. विमानाबद्दल आमची तक्रार नाही. अमरावतीचा मुलगा मुंबईला लवकर पोचला, आजारी माणूस मोठ्या दवाखान्यात वेळेवर गेला, संत्र्याचा व्यापारी सकाळी जाऊन संध्याकाळी परत आला, तर त्यात आनंदच आहे. आम्हाला फक्त हिशेब पुरा मांडायचा आहे.

आधी अंतराचे पाहू. अमरावती ते मुंबई हे अंतर आकाशातून, सरळ रेषेत मोजले तर सुमारे ५४० किलोमीटर भरते. रेल्वे बडनेरा, अकोला, भुसावळ, मनमाड, नाशिक असा फेरा घेते आणि घाट उतरते, म्हणून तेच अंतर रुळावरून पावणेसातशेच्या घरात जाते. नागपूर मुंबईपासून आणखी लांब. सरळ रेषेत सुमारे ६८५ किलोमीटर, रेल्वेने ८३७ किलोमीटर.

आता वेळ पाहा. अमरावतीचे विमान मुंबईला जायला पावणेदोन तास घेते, आणि नागपूरचे साधारण दीड तास. म्हणजे जे शहर दीडशे किलोमीटर लांब आहे ते मुंबईला वेळेने जवळ आहे, आणि जे जवळ आहे ते लांब! यात जादू काही नाही. अमरावतीला येते ते पंख्याचे लहान विमान. त्याची चाल तासाला पाचशे किलोमीटरच्या आसपास. नागपूरला उतरतात ती जेट विमाने. ती उंचावर गेली की आठशेच्या वर पळतात. तिकडे धावपट्टी लांब आहे, प्रवासी जास्त आहेत, म्हणून तिकडे मोठे यंत्र जाते. तेव्हा पहिला धडा हा : अंतर किलोमीटरवर ठरत नाही. वाहन कोणते आणि रस्ता कोणता यावर ते ठरते. वाहन आणि रस्ता कोणाला मिळावा हे निसर्ग ठरवत नाही, माणसे ठरवतात.

दुसरी गोष्ट छापील वेळेची. विमानाच्या वेळापत्रकात जी वेळ लिहिलेली असते ती केवळ उडण्याची नसते. विमान जागेवरून हलले तेव्हापासून दुसऱ्या टोकाला जागेवर उभे राहीपर्यंतची ती वेळ. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवरून एकाच वेळी विमाने सोडता-उतरवता येत नाहीत. एका धावपट्टीवर तासाला चाळीस-पंचेचाळीस विमानांची ये-जा. गर्दी झाली की वरच घिरट्या घालत थांबावे लागते. हे सगळे माहीत असल्यामुळे कंपन्या वेळापत्रकात थोडी वेळ आधीच वाढवून ठेवतात. शिवाय घरून बेलोऱ्यापर्यंत जाणे, सुटण्याच्या तास-दीड तास आधी पोचणे, मुंबईत उतरून गर्दीतून कामाच्या जागी जाणे हे धरले तर पावणेदोन तासांचे पाच तास सहज होतात. तरीही रेल्वेच्या पूर्ण रात्रीपेक्षा ते कमीच. पण लक्षात घेण्यासारखे हे की तिथे प्रत्येक मिनिटाचा हिशेब कोणीतरी ठेवतो. उशीर झाला तर त्याची नोंद होते, प्रवाशाला कळवावे लागते. वेळेला तिथे किंमत आहे.

वऱ्हाड आणि मुंबई यांच्यातले अंतर कमी करण्याचा हा काही पहिला प्रयोग नव्हे. आणि याआधीचा मोठा प्रयोग आपल्याच पिकासाठी झाला होता.

रेल्वे नव्हती तेव्हा वऱ्हाड-नागपूरचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून लमाणांचे तांडे गंगेकाठी मिर्झापूरला नेत. तिथून तो नावेने कलकत्त्याकडे जाई. आठवडेच्या आठवडे वाटेत. पावसात भिजायचा, धुळीत मळायचा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि हिंदुस्थानच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतून पुढे सरकत होती ती कापूस बंदरावर नेण्यासाठी. ती नागपूरला पोचली १८६७ साली. तोवर युद्ध संपून दोन वर्षे झाली होती आणि भाव कोसळला होता. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा खास कापसाच्या बाजारासाठी उघडला. त्याच साली समुद्राखालून तार मुंबईपर्यंत आली. लिव्हरपूलचा भाव आता महिन्यांनी नव्हे, लवकरच कळू लागला.

अंतर तुटले. मग शेतकऱ्याचे काय झाले? भाव चढला तर चढ लवकर यायला लागली हे खरे. पण भाव पडला तर पडही त्याच वेगाने यायला लागली. रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. ज्याच्याकडे माल धरून ठेवायला कोठी होती, हातात पैसा होता, तारेचा मजकूर ज्याला आधी वाचायला मिळत होता, त्याने चढ घेतली. ज्याला सावकाराचे देणे फेडायचे होते आणि सरकारचा सारा भरायचा होता, त्याच्या वाट्याला पड आली. दुसरा धडा हा : अंतर कमी होणे आपोआप कोणाच्या फायद्याचे नसते. कमी झालेल्या अंतराचा उपयोग करण्याची ताकद ज्याच्या हातात आहे, फायदा त्याचा.

याच्या उलटही झाले आहे. जवळची जागा कायद्याने लांब करता येते. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कापूस सरकारी यंत्रणेलाच घालायचा, दुसऱ्याला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. पैनगंगेच्या अलीकडे यवतमाळ जिल्हा, पलीकडे आदिलाबादची बाजारपेठ. किलोमीटर मोजले तर ती किती जवळ! पण ज्या वर्षी पलीकडे भाव जास्त, त्या वर्षी नदी ओलांडणे गुन्हा होता. नाक्यावर गाड्या अडवल्या जात. काही जण रात्रीच्या वाटांनी माल काढत, पकडले गेले की माल जाई. २००२ मध्ये एकाधिकार संपला. तीस वर्षे ती एक नदी मुंबईपेक्षा लांब होती. तिच्यावर पूल नव्हता असे नाही, पुलावर कायदा उभा होता.

आता आजचा हिशेब. बेलोऱ्याहून विमान उडते आणि पावणेदोन तासांत ५४० किलोमीटर कापते. तेवढ्याच वेळात भरलेली बैलगाडी कोरड्या वाटेने पाच-सहा किलोमीटर जाते. आणि वाट ओली असेल तर? शेतापासून गावापर्यंतची दोन-तीन किलोमीटरची पांदण, काळी चिकण माती, ऑक्टोबरातला परतीचा पाऊस. चाकाला गोळे धरतात, बैल बसतात, ट्रॅक्टर रुततो. वेचलेला कापूस शेतातल्या खोपटात पडून ओल धरतो. अमरावतीपासून मुंबईपर्यंत हवेत एक खड्डा नाही, पण शेतापासून गावापर्यंत गाडी निघत नाही. अंतराचा सगळ्यात महाग तुकडा कोणता म्हणून विचाराल तर तो मुंबईकडचा नाही, आपल्या बांधाकडचा आहे.

पुढे बाजारात या. हमीभावाच्या खरेदीत कापसाची ओल ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, ८ ते १२ मध्ये कपात, १२ च्या वर माल परत. पांदणीत गाडी अडकल्यामुळे चढलेली ओल या काट्यावर शेतकऱ्याच्याच खात्यात लिहिली जाते. परत आणलेल्या गाडीचे भाडे दुप्पट. रांगेत गाडी एक दिवस उभी, कधी दोन दिवस. त्या गाडीच्या खोळंब्याचे पैसे शेतकऱ्याचे, सोबतच्या माणसाची मजुरी शेतकऱ्याची. आणि काटा कधी सुरू होईल, आपली पाळी कधी येईल, पैसे कोणत्या तारखेला जमा होतील, याचे वेळापत्रक कुठे छापलेले असते? आम्ही तरी पाहिलेले नाही.

ज्वारीवाल्याचे तर आणखी अवघड. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये आणि संकरित ज्वारीचा ३,६९९ रुपये क्विंटल ठरला. समजा गाडीभाडे क्विंटलला १०० रुपये पडले. कापसात ते शंभरातले सव्वा रुपयाच्या आसपास झाले. ज्वारीत तेच पावणेतीन रुपये. रस्ता तोच, गाडी तीच, ज्वारीचे अंतर मात्र कापसाच्या दुप्पट! आणि कडबा? तो तर इतका फुगीर की लांब नेला तर भाड्यातच संपतो. स्वस्त मालाला अंतर जास्त चावते. घराघरात खाल्ले जाणारे, जनावरांना वैरण देणारे हे पीक शेतातून का हटत गेले, याच्या अनेक कारणांत हे एक कारण आहे, आणि त्याची चर्चा कमी होते.

शेतकऱ्याचा माल बांधावरून हलायला असा वेळ लागतो. पण त्याच्या विरुद्ध जाणारा निर्णय किती वेगाने येतो पाहा. कापसाच्या आयातीवर ११ टक्के शुल्क होते. १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्र सरकारने ते माफ केले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. पेरणी होऊन गेली होती, खत घातले होते, फवारणी चालू होती, बोंडे धरायची होती. शुल्क आहे असे धरून ज्याने जून महिन्यात सरकी लावली त्याच्या पिकाचा बाजार ऑगस्टमध्ये एका कागदाने बदलला. दिल्लीचा तो कागद यवतमाळच्या बाजारात पोचायला पावणेदोन तासही लागले नाहीत. परदेशी गाठींना बंदरातून आत यायला अंतर असे उरलेच नाही, आणि वेचणी झाली तेव्हा ते दार सताड उघडे होते.

आता मुद्द्याची गोष्ट. बेलोऱ्याचे विमान ‘उडान’ या केंद्राच्या योजनेत उडते. ही योजना २०१६ मध्ये आखली गेली, २०१७ मध्ये पहिले विमान उडाले. तिचा हिशेब प्रत्येक शेतकऱ्याने समजून घ्यावा असा आहे. लहान शहरांच्या मार्गावर विमान चालवले तर कंपनीला परवडत नाही. म्हणून काही जागांचे भाडे मर्यादेत ठेवायचे, आणि कंपनीला जी तूट येईल ती भरून द्यायची. साधारण तीन वर्षे. पैसा कुठून? मोठ्या मार्गांवर उडणाऱ्या विमानांवर आकार बसवून एक निधी केला आहे. राज्य सरकारही आपला वाटा घालते, साधारणपणे पाचवा हिस्सा. इंधनावरचा कर कमी करायचा, विमानतळावरचे काही आकार माफ करायचे, सुरक्षेचा खर्च सरकारने उचलायचा. हे सगळे का? तर मार्ग नवा आहे, प्रवासी हळूहळू वाढतील, तोवर तो मरू नये.

हा विचार चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. उलट आम्ही म्हणतो की हा विचार मान्य झाला हे फार चांगले झाले. सरकारने कबूल केले आहे की देशाला एखादी गोष्ट हवी असेल आणि ती चालवणाऱ्याला परवडत नसेल, तर त्याची तूट भरून दिली पाहिजे. त्या तुटीला कोणी ‘फुकटेगिरी’ म्हटले नाही. अर्थतज्ज्ञांनी डोळे वटारले नाहीत. कंपनीला कोणी सांगितले नाही की तुझा खर्च कमी कर, जोडधंदा कर, उरलेल्या जागांवर कोंबड्या पाळ.

मग हेच गणित क्विंटलला लावा. सरकार स्वतःच्या आयोगाकडून खर्च काढते, स्वतःच हमीभाव जाहीर करते. म्हणजे याखाली विकले तर शेतकऱ्याला परवडणार नाही हे सरकारच सांगते. समजा एखाद्याने गरजेपोटी त्या भावापेक्षा ७०० रुपये कमी दराने वीस क्विंटल कापूस विकला. त्याची तूट १४,००० रुपये. विमानातल्या जागेची तूट मोजायला नियम आहे, भरायला निधी आहे, मुदत आहे. वीस क्विंटलच्या तुटीला काय आहे? खरेदी केंद्र उघडले आणि तुमचा माल बसला तर भाव, नाही तर नशीब. जागेची तूट हिशेबात येते आणि क्विंटलची तूट येत नाही, याचे कारण अर्थशास्त्रात नाही. विमानाची तूट मोजणारा माणूस टेबलाशी बसलेला असतो. आपली तूट मोजणारा कोणी नाही. इंडियाचे अंतर मिनिटांत मोजले जाते आणि भारताचे अंतर मोजायलाच कोणी येत नाही.

म्हणून ते आपणच मोजायचे. येत्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने एक कागद भरून आणावा. त्यात पाच ओळी असाव्यात. एक, शेतापासून गावाच्या डांबरी रस्त्यापर्यंत पांदण किती किलोमीटर आणि वर्षातून किती दिवस बंद. दोन, गावापासून आपण माल घालतो त्या बाजारापर्यंत किलोमीटर किती, वेळ किती, क्विंटलमागे भाडे, हमाली, तोलाई धरून खर्च किती. तीन, गाडी काट्यावर चढेपर्यंत किती तास उभी राहिली. चार, माल घातल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत किती दिवस गेले. पाच, हातात पडलेला भाव आणि त्या वर्षीचा हमीभाव यांत फरक किती. आठवणीने लिहू नका, पावती पाहून लिहा. एका गावाचा कागद म्हणजे तक्रार. जिल्ह्यातल्या गावांचे कागद एकावर एक ठेवले की तो पुरावा होतो.

त्या कागदांवर आधारून आपण तीन मागण्या मांडू. खरेदीचे वेळापत्रक हंगामापूर्वी छापून लावा : केंद्र कोणत्या तारखेला उघडणार, कोणत्या गावाची पाळी कधी, पैसे किती दिवसांत. शेतापासून रस्त्यापर्यंतचा तुकडा हा बाजाराच्या रस्त्याचा भाग माना आणि पांदणी पावसाआधी पक्क्या करा. आणि हमीभावाच्या खाली विकल्या गेलेल्या मालाची तूट विमानाच्या जागेला लावता त्याच नियमाने मोजा आणि भरा. पेरणीनंतर आयातीचे नियम बदलून जी तूट पाडली जाते, ती तर पाडणाऱ्यानेच भरली पाहिजे.

अमरावतीच्या आकाशातून विमान उडते ते चांगलेच आहे. आणखी उडावीत, नागपूरसारखी वेगाचीही यावीत. विमानाकडे पाहून सुस्कारा टाकण्याचे कारण नाही आणि राग धरण्याचेही नाही. त्या विमानाने एक गोष्ट सिद्ध करून दाखवली आहे की मनात आणले, पैसा बाजूला काढला आणि कोणीतरी हिशेब ठेवला, तर ५४० किलोमीटर पावणेदोन तासांवर येतात. मग शेतापासून भावापर्यंतचे अंतर कमी होत नाही, हे म्हणणे यापुढे कोणाकडूनही ऐकून घेऊ नका. बैठकीला या. कागद भरून आणा.